नऊ विरुद्ध नऊ

आमच्या टीमला त्या वर्षी पाच मॅचेस खेळायच्या होत्या. त्यातली पहिली ती न खेळताच हरली, आणि त्याला कारण मी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी बऱ्याच जणींचं कौतुक करणार आहे आणि त्यात माझंही थोडं उरकून घेते आहे असा कुणाचा समज व्हायला नको.

दोन हजार सोळाच्या सप्टेंबरमध्ये मी एमएस्सीसाठी आयर्लंडला आले. कॉलेज पश्चिमेकडे, शॅनन विमानतळापासून बसने पाऊण तासावर. चार मुलींनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात मला एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. शेतकऱ्याघरची, उंच, हाताला कायम कुठे ना कुठे खरचटलेलं. तिने त्याच वर्षी कॉलेजात मुलींची गेलिक फुटबॉलची टीम काढली होती. त्याआधी कॉलेजात मुलींची टीमच नव्हती. मैदान गावातल्या क्लबकडून उसनं, आणि जर्सी त्यांच्याच मुलांच्या जुन्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या.

मी कोल्हापूरची. फुटबॉल म्हटल्यावर माझे कान टवकारले नसते तर नवल. आमच्याकडे पेठेपेठेच्या तालमींच्या टीम असतात आणि त्यांच्या मॅचला अख्खं गाव स्टेडियमवर लोटतं. आमच्या पेठेची टीम हरली की माझे वडील घरी यायला लांबचा रस्ता धरायचे, कारण जवळच्या रस्त्यावर जिंकलेल्या पेठेचा चौक लागायचा. घरी आले की न जेवता झोपायचे. आई आम्हाला खुणेनेच सांगायची, आज बाबांशी बोलू नका. हरणं म्हणजे तोंड लपवायची गोष्ट, हे मी अ आ इ ई च्या आधी शिकले.

गेलिक फुटबॉल मात्र निराळाच निघाला. चेंडू हातात घेऊन पळायचं, पळता पळता तो पायाच्या बोटांवर टाकून परत हातात उडवायचा. गोलाचे खांब आडव्या दांडीच्या वरही उंच गेलेले. दांडीच्या खालून जाळ्यात मारला तर तीन गुण, वरून दोन खांबांमधून गेला तर एक. एका बाजूला पंधरा खेळाडू. मी दोनदा सराव बघायला गेले आणि तिसऱ्या वेळी माझ्या शेजारणीने, म्हणजे कॅप्टनने, मला सेक्रेटरी करून टाकलं. मला याद्या करायला आवडतात हे तिने घरातल्या फ्रिजवर पाहिलं होतं. कोण येणार, मिनीबस कुठून सुटणार, समोरच्या टीमच्या सेक्रेटरीशी बोलायचं कुणी, हे सगळं माझ्याकडे आलं. मला फार महत्त्व आल्यासारखं वाटलं.

एकदा भांडी विसळताना कॅप्टन म्हणाली, "मला कप नकोय. मला एक मॅच जिंकायचीय. एकच. मे महिन्यात मी इथून जाणार, त्याआधी या टीमने एक जिंकलेली असावी." मी म्हटलं, "एवढंच ना? होईल." बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं!

पहिली मॅच ऑक्टोबरात, बुधवारी दुपारी. समोरची टीमही आमच्यासारखीच त्या वर्षी नव्याने काढलेली. सोमवारी मी सगळ्यांना मेसेज केले. नर्सिंगच्या मुलींची हॉस्पिटलात ड्यूटी लागली होती, दोघींचं प्रॅक्टिकल होतं, एकीचा घोटा सुजला होता. बुधवारी सकाळपर्यंत अकरा जणींनी होकार दिला. पंधरांच्या खेळात अकरा! मी डोळ्यांपुढे चित्र आणलं: त्या पंधरा, आमच्या अकरा, मैदानभर पळून धापा टाकणाऱ्या, आणि सगळं कॉलेज हसतंय. मी स्वतःशीच म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरच्या टीमच्या कॅप्टनला फोन केला आणि सांगितलं, आमची टीम पुरी होत नाही, मॅच तुम्हाला दिली. ती बिचारी जरा गडबडली, "नक्की का?" असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं नक्की. सगळ्यांची लाज वाचवल्याच्या आनंदात घरी आले.

कॅप्टन जिन्याच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मी तिला सांगितलं. तिने एक बूट तसाच हातात धरला.

"अकरा होत्या?"

"हो ना. अकराच."

"अकरा म्हणजे टीम आहे की गं."

"पण त्या पंधरा असणार होत्या!"

"मग त्यांनी चार काढल्या असत्या."

मला वाटलं ती दुःखाने काहीबाही बोलतेय. मी विचारलं, "त्या का काढतील? त्यांना जिंकायचं नाही?" यावर तिला उत्तरच देता येईना. रांगेत का उभं राहायचं असं कुणी विचारलं तर आपली जी पंचाईत होईल, ती तिची झाली. समोरच्यांकडे कमी असतील तर आपणही तेवढ्याच उतरवायच्या, हे ती कधी कुणाकडून शिकलीच नव्हती. ते तिला आपोआप माहीत होतं.

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. फक्त म्हणाली, "आपण हरवू शकलो असतो ना, अशी ती एकच टीम होती." मग बूट काढून ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पाणी ठेवलं. माझ्यासाठीही ठेवलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात कुणाचे तरी जुने बूट होते, पुढे मोजा कोंबला की बसतील असे. वर कागद: आता तूही खेळायचंस. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं.

मी खेळाडू कशी होते ते थोडक्यात सांगते. गावातल्या क्लबच्या मैदानाची देखभाल करणारे एक काका आमचे कोच होते. त्यांनी मला पहिल्या सरावातच ओळखलं. मला मागच्या कोपऱ्यात उभं केलं आणि एवढंच सांगितलं, "तुझ्या समोर जी असेल तिच्याजवळ राहा. ती जाईल तिकडे जा. तिला तुझा कंटाळा यायला हवा." ते मला जमण्यासारखं होतं. दातांवर घालायचं रबरी कवच गरम पाण्यात मऊ करून चावून आपल्या मापाचं करावं लागतं, ते मी माझ्या चहाच्या पातेल्यात उकळलं. पुढे कितीतरी दिवस चहाला रबराचा वास येत होता.

दुसरी मॅच मिनीबसने दोन तासांवर होती. पाऊस वरून न पडता आडवा येत होता. आम्ही बारा जणी, तेरावे कोच. बसमधून उतरलो तेव्हा समोरच्या टीमच्या पंधरा जणी धावून अंग गरम करत होत्या, राखीव वेगळ्याच. त्यांची कॅप्टन आमच्याकडे आली. "तुम्ही किती?"

"बारा," आमची म्हणाली.

बस. ती वळली, दोघींची नावं घेतली. त्या दोघींनी काही न विचारता जर्सीवर कोट चढवले आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मग तिने स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. तिसरी ती होती! मी शहाण्यासारखी आमच्या कॅप्टनच्या कानात पुटपुटले, "कच्च्याच काढल्या असतील." ती म्हणाली, "ती काउंटीकडून खेळते." म्हणजे अख्ख्या जिल्ह्याच्या टीमकडून. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी एवढं मोठं काही इतकं बिनबोभाट होताना पाहिलं नव्हतं. ना भाषण, ना टाळ्या. तिन्ही पोरी पावसात उभ्या राहून थर्मासमधून चहा पीत होत्या.

त्यांनी आम्हाला अडतीस गुणांनी हरवलं. आमचे दोन झाले. नंतर त्यांच्या क्लबच्या खोलीत आम्हाला अंड्याची सँडविचेस आणि चहा मिळाला. माझ्या समोरची, जिला मी तासभर चिकटून होते, ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं की मी हा खेळ कधीपासून खेळते. मी म्हटलं तीन आठवडे. ती म्हणाली, "तुझा मला फार कंटाळा आला." मी ते कोचना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "ग्रँड." त्यांचं सगळ्यावर तेच असायचं, आपल्या 'बेस'सारखं.

रविवारी बाबांचा फोन.

"कितीनं मार खाल्लासा?"

"अडतीस."

"आगं, फुटबॉल खेळतीस का क्रिकेट?"

मी त्यांना गुणांची पद्धत सांगितली, तीन पोरी बाजूला उभ्या राहिल्याचंही सांगितलं. ते त्यांच्या डोक्यात शिरेना. "त्येंची माणसं त्येंनीच काढली? कोण म्हणालं म्हणून?" मी म्हटलं, कुणीच नाही. "मंग परत जाणार हाईस व्हय हरायला?" हो म्हटलं. "कशापायी?" मी विषय बदलला.

कशापायी का असेना, मंगळवारी संध्याकाळी सरावाला पोरी येत होत्या, हे मी दर आठवड्याला बघत होते. माझी यादी होती ना! अडतीसने हरल्यानंतरच्या मंगळवारी तेरा आल्या. तिसऱ्या मॅचमध्ये एकतीसने हरलो, त्यानंतरच्या मंगळवारी चौदा. मी यादीवर बोट ठेवून पुन्हा मोजलं. हरल्यावर माणसं गळतात हा माझा पक्का हिशेब होता. इथे उलटंच चाललं होतं. कुणी कुणाला समजावत नव्हतं, जिद्द वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नव्हते. येताना केळं खात यायच्या, जाताना चिखल झटकत जायच्या. कॅप्टन प्रत्येक मॅचचा स्कोर कॉलेजच्या नोटीस बोर्डावर स्वतः लावायची, मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंचा. मी एकदा म्हटलं, छोट्या अक्षरात लाव की. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय.

चौथ्या मॅचमधलं एक सांगायलाच हवं. संपायला दोन मिनिटं होती आणि आम्ही एक्केचाळीस गुणांनी मागे होतो. त्यांची एक पोरगी चेंडू घेऊन सुटली. माझ्याच कोपऱ्यातून सुटली, मी केव्हाच मागे पडले होते. मी पळायचं थांबवलं. आणखी एक गोल झाला तर काय आकाश कोसळणार होतं? तेवढ्यात माझ्या बाजूने कॅप्टन गेली. ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती, तिथून पळत आली होती. त्या पोरीने लाथ उगारली आणि हिने अंग झोकून दोन्ही हात बुटावर नेले. चेंडू हाताला लागून बाहेर गेला. कॅप्टन चिखलात पालथी, करंगळी सुजून अंगठ्याएवढी.

बसमध्ये मी तिला विचारलं, "का?"

"ती गोल मारणार होती," ती म्हणाली.

मी तोंड खिडकीकडे फिरवलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते दुःखाचं नव्हतं. एवढी मोठी माणसं माझ्या घरात राहतात, माझ्या पातेल्यात अंडी उकडतात, आणि मी तीन महिने त्यांना शेजारीण म्हणत होते. आता मी डब्लिनला असते, सँडीफोर्डला राहते, लुअस ट्रामने ऑफिसला जाते. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की हे आपल्याला मिळणार नाही, मग कशाला धडपडायचं, की मला ती करंगळी दिसते. मी बोलत काही नाही. लोकांना वाटतं मला पटलं.

पाचवी मॅच शेवटच्या दोन टीमची, कोण चौथं आणि कोण पाचवं ठरवायला. फेब्रुवारीत, आमच्याकडे. आणि समोर तीच नवी टीम, जिला मी ऑक्टोबरात फोनवर मॅच दिली होती. त्यांनीही बाकीच्या सगळ्या हरल्या होत्या. कॅप्टनने आठवडाभर भात खाल्ला, कुठेतरी वाचलं होतं तिने की भाताने ताकद टिकते. मीच शिजवून देत होते. ती फारसं बोलत नव्हती, पण रोज सकाळी मला विचारायची, "किती?" बुधवारी सकाळी मी तिला सांगितलं, "पंधरा. आणि दोन राखीव." वर्षात पहिल्यांदा! तिने मला उचललंच.

साडेअकराला मी लायब्ररीच्या जिन्यात होते तेव्हा फोन आला. ऑक्टोबरातला तोच आवाज. त्यांच्या हॉस्टेलवर तापाची साथ होती. धड अशा नऊच जणी उरल्या होत्या. "आम्ही मॅच तुम्हाला देतो," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला एक दिलीत, ही तुमची. फिटलं." आणि पुढे, "खरं सांगू? ती जिंकल्यासारखी वाटलीच नाही. आम्ही केकसुद्धा नाही कापला."

मी जिन्यात उभी. मला फक्त बरं म्हणायचं होतं. एक शब्द, आणि नोटीस बोर्डावर आमच्या नावापुढे एक विजय. मेमध्ये ती जाणार, तिला जे हवं होतं ते माझ्या हातात आलं होतं. जे मीच घालवलं होतं ते मीच परत आणून दिलं असतं. माझं ओझं उतरलं असतं. शिवाय कॅप्टनला एक फोन करून विचारणं सहज शक्य होतं. वर्ग संपून ती कँटीनमध्ये बसली असणार, भाताचा डबा उघडून.

"नऊ आहात ना?" मी म्हणाले. "मग या. आम्ही सहा काढतो."

ती म्हणाली, "दोनपर्यंत पोचतो."

फोन ठेवून मी मैदानाकडे निघाले. मी हे काय केलं? दुसऱ्यांदा, कुणालाही न विचारता! एकदा अक्कल पाजळून भागलं नव्हतं का?

कपडे बदलायच्या खोलीत कॅप्टन जर्सी वाटत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, त्यांनी मॅच देऊ केली होती हेसुद्धा. ते लपवलं असतं तर चाललं असतं, पण मला लपवता येईना. तिने माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या जर्सी खाली ठेवल्या.

"किती म्हणालीस?"

"नऊ."

ती बाकावर बसली आणि पेनाने यादीतली नावं कापायला लागली. पहिलं माझं. योग्यच होतं. मग आणखी चार. सहाव्याला ती अडली. मग आमची सगळ्यात वेगाने पळणारी, जिने वर्षभरातले आमचे अर्ध्याहून जास्त गुण केले होते, तिच्यावर रेघ मारली. त्या पोरीने जर्सी काढून घडी केली आणि आपला कोट शोधायला लागली. कोच दारात उभे होते. यावेळी ते ग्रँड म्हणाले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

तीस जणींच्या मैदानावर अठरा जणी म्हणजे पळून पळून जीव जाणार. पण मॅच काय झाली! पहिल्या अर्ध्यात आम्ही दोन गुणांनी पुढे गेलो. त्या अख्ख्या वर्षात आम्ही पुढे कधी नव्हतोच, त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या आम्हा आठ जणींना पुढे असताना काय ओरडायचं तेच माहीत नव्हतं. मी कोल्हापुरीत ओरडले, "हाण की! सोडू नगंस!" कुणाला कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं. मग त्यांनी गोल मारला. मग आम्ही बरोबरी केली. मग त्यांचा एक. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे आणि चेंडू कॅप्टनकडे. समोर जागा मोकळी, अंतर तिच्या आवाक्यातलं. तिने लाथ मारली. चेंडू उंच गेला, खांबाच्याही वर, आणि मला वाटलं गेला, गेला मधून. खांबाजवळच्या पंचाने एका गुणाचं पांढरं निशाण उचललंच नाही. तो हातभर बाहेरून गेला होता. रेफरीने शिट्टी वाजवली.

त्या नऊ पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मग आमच्या. त्यांची कॅप्टन मला शोधत आली आणि तिने माझे दोन्ही हात दाबले. आत चहाची भांडी मांडली गेली. आमची कॅप्टन कुठे दिसेना.

ती खोलीच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि रडत होती. अडतीसने हरून न रडलेली, करंगळी मोडून न रडलेली ती मुलगी एका गुणासाठी हुंदके देत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मी तुला आधी विचारायला हवं होतं. तुझी मॅच होती ती. माफ कर."

तिने बाहीने नाक पुसलं, चिखल गालभर झाला.

"बरं झालं नाही विचारलंस," ती म्हणाली. "विचारलं असतंस तर मी घेतली असती."

मग ती उठली, आत गेली, आणि किटली उचलून त्या नऊ जणींना चहा ओतू लागली.